मोठेपणी पोहायला लागलात? संघटनेत नाव नोंदवायचं की नाही, ते असं ठरवा

सकाळी सहाची बॅच सुटली की आमच्या टँकबाहेरच्या चहाच्या गाडीवर हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी निघतोच. कुणी तरी नवीन असतं. चार महिन्यांपूर्वी कडेचा बार सोडायला घाबरणारं ते माणूस आता न थांबता दहा-बारा राउंड मारत असतं. त्याने कुठून तरी ऐकलेलं असतं की ‘फेडरेशनचं कार्ड’ काढायला हवं. मग तो विचारतो, ताई, आपल्यासारख्यांनी हे करायचं असतं का? फायदा काय त्याचा?

मी ४२व्या वर्षी पोहायला शिकले आणि ४५व्या वर्षी पहिली नोंदणी केली. मधल्या तीन वर्षांत नोंदणी नव्हती म्हणून माझं काहीही अडलं नाही. नोंदणीनंतर मात्र माझं पोहणं बदललं. दोन्ही बाजू अनुभवल्यात, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते: वर्षातून एकदा तरी शर्यतीत उतरायची इच्छा असेल तर नोंदणी जरूर करा. तशी इच्छा नसेल तर ते पैसे आणि ती धावपळ चांगल्या कोचवर खर्च करा. यातलं आपल्याला काय हवंय हे कसं ओळखायचं आणि ठरल्यावर काय काय करायचं, ते पुढे सविस्तर लिहिते.

आपल्याकडे संघटना म्हणजे नेमकं काय

भारतीय जलतरण महासंघाची स्थापना १९४८ सालची. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘एसएफआय’ म्हणतात. पोहणं, सूर मारण्याच्या स्पर्धा, वॉटर पोलो, कलात्मक जलतरण आणि खुल्या पाण्यातलं पोहणं हे सगळं त्याच्या अखत्यारीत येतं. महासंघाच्या वर ‘वर्ल्ड अक्वाटिक्स’ ही जागतिक संस्था आहे. २०२२ च्या अखेरीपर्यंत तिचं नाव ‘फिना’ होतं आणि टँकवरचे जुने लोक अजून तेच नाव घेतात. खाली राज्य संघटना, त्यांच्याखाली जिल्हा संघटना आणि सगळ्यात खाली क्लब. महाराष्ट्रात राज्य हौशी जलतरण संघटना हे काम पाहते.

ही उतरंड लक्षात घेतली की निम्मे गैरसमज गळून पडतात. जिमचं सभासदत्व घ्यावं तसं आपण महासंघाचे सभासद होत नाही. आपण स्पर्धक म्हणून नाव नोंदवतो, तेही आपल्या क्लबच्या किंवा जिल्ह्याच्या मार्फत. नोंदणी झाली की एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावर अधिकृत स्पर्धेत उतरता येतं.

त्या क्रमांकावर टँकमध्ये प्रवेश मिळत नाही. आपले बहुतेक तलाव महापालिकांचे, नाही तर क्लब आणि जिमखान्यांचे. दादरच्या शिवाजी पार्कचा महात्मा गांधी तलाव असो की तुमच्या गावचा नगरपालिकेचा टँक, तिथले पास, बॅच, मेडिकल सर्टिफिकेट, कॅप आणि नायलॉनच्या कॉस्च्यूमचे नियम त्या त्या व्यवस्थापनाचे असतात. महासंघाचा क्रमांक दाखवून पासात सवलत मागायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला तो क्रमांक कशाचा हेच ठाऊक नसतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. नोंदणीबरोबर कोचिंगही मिळत नाही. विमा आपोआप मिळतो असंही धरून चालू नका. तो प्रश्न फॉर्म भरतानाच स्पष्ट विचारा.

पायरी १ : आपण टँकवर कशासाठी येतो, ते प्रामाणिकपणे बघा

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलंय, पाण्यात डोकं शांत होतं, मुलांबरोबर सुट्टीत पोहता यावं एवढीच इच्छा आहे, असं असेल तर नोंदणीची काही गरज नाही. यात कमीपणा मुळीच नाही. माझ्या बॅचला सत्तरीचे एक काका आहेत. गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेले, पट्टीचे पोहणारे. आयुष्यात एकाही स्पर्धेत उतरले नाहीत आणि उतरायचंही नाही त्यांना. रोज पाऊण तास ते एका लयीत राउंड मारतात आणि घरी जातात. त्यांना संघटना काय देणार?

ट्रायथलॉनसाठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीसाठी, पोहायला लागलेल्यांचाही एक मोठा गट आता दिसतो. गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर जी ‘आयर्नमॅन ७०.३’ होते तिच्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहावं लागतं. आयोजक तिची नावनोंदणी स्वतः करतात, जलतरण महासंघाचा क्रमांक मागत नाहीत. खासगी आयोजकांच्या बहुतेक हौशी स्पर्धांचं असंच आहे. तुमचं ध्येय तेवढंच असेल तर थेट तिथे नाव द्या.

नोंदणीचा खरा उपयोग आहे तो तिसऱ्या गटाला. आपण पन्नास मीटरला नेमके किती सेकंद घेतो हे ज्यांना जाणून घ्यायचं असतं, शेजारच्या लेनमध्ये कुणी वेगाने गेलं की ज्यांचे हात नकळत भरभर चालायला लागतात, तो हा गट. वय साठ असलं तरी.

पायरी २ : संघटनेच्या आधी माणसं शोधा

फॉर्म शोधायच्या आधी महिनाभर आपल्या टँकवर नीट बघा. कुठल्या बॅचला घड्याळ लावून पोहणारे मोठे लोक येतात? कोच फक्त लहान मुलांना बघतो की पस्तिशी-चाळिशीच्या लोकांनाही चार गोष्टी सांगतो? एप्रिल-मेमध्ये शाळांना सुट्ट्या लागल्या की टँक इतका भरतो की सरळ राउंड मारणं अशक्य होतं. तेव्हा हे लोक कुठे जातात, हेही विचारा. या गटातलं कुणी ना कुणी आधी स्पर्धेत उतरलेलं असतं. जिल्हा संघटनेत कुणाला भेटायचं आणि फॉर्म कधी निघतात, ही माहिती त्याच्याकडून दहा मिनिटांत मिळते. एरवी ती मिळवायला आठवडे जातात.

मला तर वाटतं, असा गट मिळाला नाही तर नोंदणीची घाई करूच नये. एकट्याने नोंदणी केलेली माणसं एका स्पर्धेनंतर थांबतात, असं मी वारंवार पाहिलंय.

पायरी ३ : ‘मास्टर्स’ हा शब्द समजून घ्या

मोठ्या वयाच्या पोहणाऱ्यांच्या स्पर्धांना ‘मास्टर्स’ म्हणतात. ऐकायला तो उस्तादांचा प्रकार वाटतो, आणि त्या एका शब्दामुळे कितीतरी चांगली माणसं बिचकून लांब राहतात. प्रत्यक्षात अट असते ती वयाची. २५ वर्षं पूर्ण झाली की तुम्ही मास्टर्स. पुढे पाच-पाच वर्षांचे गट: २५ ते २९, ३० ते ३४, ३५ ते ३९, असे अगदी नव्वदीच्या पुढेपर्यंत. आंतरराष्ट्रीय नियमानुसार वय मोजतात ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला. म्हणजे नोव्हेंबरात पन्नाशी गाठणारी बाई त्या वर्षी जानेवारीपासूनच ५० ते ५४ गटात येते. मास्टर्समध्ये नव्या गटात जायचं वर्ष आलं की लोक खूश होतात, कारण तिथे तुम्ही सगळ्यात तरुण असता.

राज्य मास्टर्स, त्यातून राष्ट्रीय मास्टर्स असा रस्ता आहे. राष्ट्रीय स्पर्धा महासंघ घेतो. २०२४ ची मंगळूरला झाली. त्याच्याही पुढे जागतिक मास्टर्स. पहिली जागतिक स्पर्धा १९८६ मध्ये टोकियोला झाली आणि २०२५ ची सिंगापूरला. जागतिक स्पर्धेला वयोगटानुसार पात्रता वेळा असतात, पण खर्च आपला आपणच करायचा. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: जागतिक मास्टर्सच्या नियमांनुसार तिथे पोहणारा आपल्या क्लबच्या नावाने उतरतो, देशाच्या नावाने नाही. वर्तमानपत्रात ‘भारताचं प्रतिनिधित्व’ असं छापून येतं तेव्हा छाती भरून येते, हे मान्य. पण आपण कशासाठी पैसे भरतोय हे आधीच माहीत असलेलं बरं. आणि म्हणूनच आपला क्लब संलग्न असणं तिथे इतकं महत्त्वाचं ठरतं.

एक सावधगिरी. नावात ‘मास्टर्स’ असलेल्या स्पर्धा अनेक जण भरवतात. त्यातल्या काही बहुक्रीडा स्पर्धा छान होतात, तिथे हौसेने जाऊन यायला हरकत नाही. पण तिथली वेळ महासंघाच्या स्पर्धेची मानली जाईलच असं नाही. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: ही स्पर्धा राज्य संघटनेशी किंवा महासंघाशी संलग्न आहे का? उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

पायरी ४ : नोंदणी

कागदपत्रं साधीच असतात: वयाचा दाखला, आधार, फोटो, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. चाळिशी ओलांडली असेल तर ते प्रमाणपत्र ओळखीच्या डॉक्टरांकडून नुसती सही घेऊन आणू नका. शर्यतीत हृदयावर येणारा ताण रोजच्या राउंडपेक्षा फार वेगळा असतो. रक्तदाब बघून घ्या आणि ईसीजी काढायचा का, ते डॉक्टरांनाच विचारा.

दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव तंतोतंत एक हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची इथेच अडचण होते. माझ्या बॅचच्या दोघींना यासाठी पुन्हा हेलपाटे घालावे लागले. नोकरीनिमित्त राज्य बदललं असेल, समजा पुण्याहून बंगळूरला गेलात, तर कुठल्या राज्याकडून पोहायचं ते आधी ठरवा आणि जुन्या संघटनेचं ना हरकत पत्र लागेल का ते विचारून घ्या.

आता माझं दुखणं सांगते. पहिल्या वर्षी मी फॉर्म आणि पैसे वेळेत क्लबमध्ये दिले आणि निश्चिंत झाले. रोज पहाटे उठून सराव केला. स्पर्धेच्या चार दिवस आधी कळलं की आमच्या सात जणांची यादी क्लबमधून पुढे गेलीच नव्हती. यादी एका फाइलमध्ये पडून राहिली होती. पैसे परत मिळाले, पण ते वर्ष गेलं. तो राग अजून माझ्या मनातून पूर्ण गेलेला नाही. म्हणून कळकळीने सांगते: फॉर्म दिला की पावती घ्या. आठवड्याने विचारा की यादी जिल्ह्याकडे गेली का. आणखी आठवड्याने विचारा की आपला क्रमांक आला का. क्रमांक आला की तो मोबाइलमध्ये जपून ठेवा. सतत विचारल्याने कुणी रागावलं तर रागावू द्या.

पायरी ५ : पहिली स्पर्धा

दोनच प्रकार घ्या. ५० मीटर फ्रीस्टाइल आणि जो प्रकार तुम्हाला सगळ्यात निवांत वाटतो तो.

फ्रीस्टाइल घ्यायला सांगते कारण त्यात बाद होणं अवघड आहे. नावाप्रमाणे कुठल्याही पद्धतीने पोहता येतं. दम लागून क्षणभर तळाला पाय टेकवून उभं राहिलात तरी चालतं, फक्त चालत पुढे जायचं नाही. लेनची दोरी ओढून पुढे सरकायचं नाही. वळताना आणि संपवताना भिंतीला स्पर्श हवा. बस.

ब्रेस्ट स्ट्रोकला मात्र जपून राहा. नदी-विहिरीत शिकलेल्या माणसांचा ब्रेस्ट मोठा डौलदार असतो, पण वळताना ते सवयीने एकच हात भिंतीला लावतात. नियमाप्रमाणे दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, वळतानाही आणि संपवतानाही. दुसरा दोष पायांचा: एक पाय बरोबर आणि दुसरा कात्रीसारखा चालतो. पोहणाऱ्याला स्वतःला हे कळतच नाही. मित्राला काठावरून मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा आणि पाय बघा. महिनाभर आधी बघितलंत तर सुधारायला वेळ मिळतो.

सूर मारता येत नाही म्हणून मागे हटू नका. मास्टर्सच्या नियमांत ब्लॉकवरून (सूर मारायच्या उंच ओट्यावरून), काठावरून किंवा थेट पाण्यात राहून भिंतीला पाय रेटून सुरुवात करायची मुभा आहे. बटरफ्लायला ब्रेस्टची लाथही चालते. हे नियम मोठ्या वयाच्या शरीराचा विचार करून केलेत, त्यांचा फायदा घेण्यात संकोच कसला?

माझ्या पहिल्या राज्य स्पर्धेतली एक हीट, म्हणजे एका वेळी पाण्यात उतरणाऱ्यांची फेरी, माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. कमी संख्येच्या वयोगटांना एकत्र करून एका हीटमध्ये घेतात, तशी ती होती. चौथ्या लेनला पंचाहत्तरीच्या पुढच्या आजी. मुलीने हात धरून शिडीपर्यंत आणलं, मग त्या एकट्या पाण्यात उतरल्या आणि एका हाताने कठडा धरून शिट्टीची वाट बघत राहिल्या. त्यांनी पाठीवर पोहायला सुरुवात केली तेव्हा बाकीच्या निम्म्या पल्ल्यावर होत्या. बाकीच्या पोहून संपल्या. कुणीही पाण्याबाहेर आलं नाही. सगळ्या आपापल्या लेनमध्ये दोरीला हात टेकवून थांबल्या. काठावर आजींच्या लेनचा टायमर घड्याळ हातात घेऊन वाकून उभा होता. शेवटच्या पाच मीटरला, भिंत जवळ आल्याची खूण म्हणून बांधलेल्या पताका डोक्यावर दिसल्या तशा आजींनी हात मोजायला सुरुवात केली, ओठ हलताना दिसत होते, आणि बरोबर सहाव्या हाताला भिंत आली. टायमरने वेळ सांगितली. आजी म्हणाल्या, “गेल्या वर्षीपेक्षा दोन सेकंद जास्त.” टायमर म्हणाला, “लिहून ठेवतो आजी, पुढच्या वर्षी बघू.”

नोंदणीने काय दिलं असं मला कुणी विचारलं की मला ती नोंद आठवते. टँकवर रोज पोहताना आपण मित्राच्या घड्याळावर वेळ बघतो, विसरतो, थोडी आपल्या सोयीने सांगतो. अधिकृत वेळ तशी बदलत नाही. दुसरं म्हणजे तारीख. थंडीत पाणी गार पडलं की टँक ओस पडतो. मी तरीही जाते, कारण स्पर्धेत नाव दिलेलं असतं. पहिल्या तीन वर्षांत मी डिसेंबर आणि जानेवारी पूर्ण बुडवले होते.

समुद्रात पोहायचं असेल तर

मालवणला चिवला बीचवर दरवर्षी जिल्हा आणि राज्य संघटनेच्या वतीने सागरी जलतरण स्पर्धा होते. लहान मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत वयोगट असतात आणि छोटे पल्लेही असतात. नवख्यांसाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. मुंबईला समुद्रातल्या सन्क रॉक दीपस्तंभापासून गेटवेपर्यंतचा सुमारे पाच किलोमीटरचा पल्ला प्रसिद्ध आहे, पण तो सराव पक्का झाल्यावर. रायगडमधल्या धरमतर खाडीपासून गेटवेपर्यंतसारख्या मोठ्या एकट्याच्या मोहिमांना बोट, परवानग्या आणि संघटनेचा निरीक्षक लागतो. इथे मात्र संघटनेशिवाय पान हलत नाही.

इंग्लिश खाडीचं स्वप्न बघणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. ती मोहीम इंग्लंडमधल्या दोन स्वतंत्र खाडी-संस्थांपैकी एकीच्या देखरेखीखाली होते आणि त्यासाठी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातल्या सात खाड्यांची मालिका पूर्ण केली, त्यांचा रस्ताही अशाच संस्थांमधून गेला.

परदेशात राहत असाल तर

तिथे गणित वेगळं आहे. अमेरिकेत ‘यू. एस. मास्टर्स स्विमिंग’ ही फक्त मोठ्यांसाठीची संस्था आहे. १८ वर्षांवरच्या कुणालाही थेट सभासद होता येतं. सभासदत्वात मान्यताप्राप्त सराव आणि स्पर्धांपुरता विमा येतो आणि गावोगावच्या सराव-गटांत जागा मिळते. शर्यत नको असलेले कितीतरी सभासद तिथे आहेत. न्यू जर्सी किंवा बे एरियात राहणाऱ्या माझ्या भाच्यांच्या वयाच्या मुलामुलींना मी डोळे मिटून ‘घे’ म्हणेन. नव्या गावात ओळखी व्हायला सकाळच्या सरावासारखी जागा नाही. इंग्लंडमध्ये १८६९ पासूनची जुनी संघटना आहे, आता तिला ‘स्विम इंग्लंड’ म्हणतात. तिथे सहसा क्लबमध्ये गेलात की क्लबमार्फतच सभासद होता, म्हणून आधी क्लब बघा.

दुसऱ्या वर्षी पुन्हा करायची का?

गेल्या वर्षी एकाही स्पर्धेत उतरला नसाल तर करू नका. पुन्हा हौस वाटली की तेव्हा करता येईल. उतरला असाल तर टँकवरची आणखी तीन माणसं तयार करा. मास्टर्सची रिले चौघांच्या वयांची बेरीज करून लावतात: १०० ते ११९, १२० ते १५९, मग चाळीस-चाळीसचे गट. मिश्र रिलेत दोन पुरुष, दोन बायका. एकट्याने पोहताना मिळत नाही अशी मजा त्यात आहे, आणि चौघांपैकी एकालाही सराव बुडवता येत नाही.

आमच्या चौघांची बेरीज या वर्षी १९८ आहे. १६० ते १९९ च्या गटात आम्ही सगळ्यात म्हातारे ठरलो आणि पाचवे आलो. पुढच्या वर्षी बेरीज २०२ होईल. चौघांचेही फॉर्म आत्ताच भरून ठेवलेत, आणि या वेळी यादी पुढे जाते की नाही ते बघायला मी स्वतः जाणार आहे.